रूढीप्रियता: हुजूरपक्ष, वहिवाट आणि पांझरेचे फड

अमळनेरी (धागाकर्ता)

मागच्या एका धाग्यावर 'कॉन्झर्व्हेटिव्ह' हा शब्द चार जणांनी चार अर्थांनी वापरला. एकाला तो देवभोळा वाटला, दुसऱ्याला शेठजींचा पाठीराखा, तिसऱ्याला 'बदल नको' म्हणणारा. चौथ्यानं सरळ शिवी म्हणून वापरला. म्हणून हा वेगळा धागा. या विचाराचा गाभा काय, त्याची बाजू कुठे भक्कम आहे आणि कुठे पोकळ, एवढंच बोलू. मत कुणाला द्यावं हा विषय इथे नको, त्यासाठी पारावर जागा आहे.

आधी शब्द. पुराणमतवादी म्हटलं की माणूस बोलायच्या आधीच हरतो. सनातनी म्हटलं की धर्म आला. जुन्या मराठी वृत्तपत्रांनी विलायतेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला 'हुजूरपक्ष' केलं, समोर 'मजूरपक्ष' होताच. नाव झकास, पण त्यातून मतदार कळतो, मत कळत नाही. मी 'रूढीप्रिय' वापरतो. चांगला शब्द सुचला तर सांगा.

या अर्थाचं नाव आधी फ्रान्समध्ये रुळलं, १८१८ साली शातोब्रियाँ या लेखकाच्या नियतकालिकामुळे. इंग्लंडमध्ये ते १८३० च्या दशकात पक्षाला लागलं. विचार त्याआधीचा, एडमंड बर्क या ब्रिटिश खासदाराचा, फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या त्याच्या १७९० च्या पुस्तकातला. आता गंमत बघा. बर्क डब्लिनचा, पक्षानं व्हिग म्हणजे टोरींच्या (पुढे त्यांचाच हुजूरपक्ष झाला) विरोधातला. अमेरिकन वसाहतींची बाजू त्यानं घेतली, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर संसदेत सगळ्यात जास्त तोच तुटून पडला. ज्याला आपण या विचाराचा मूळपुरुष म्हणतो तो 'बदल नको' म्हणणारा नव्हता. बदलाची सोय नसलेलं राज्य स्वतःला टिकवूही शकत नाही, असं त्यानंच लिहून ठेवलंय.

मग फ्रेंच राज्यक्रांतीवर त्याचा राग कशाचा? माझ्या समजुतीनं तीन गोष्टींचा.

पहिली: एका पिढीची अक्कल थोडी असते. कायदे, रिवाज, संस्था यांत अनेक पिढ्यांनी खाल्लेल्या ठेचा साठलेल्या असतात. त्यांचं कारण आज कुणाला सांगता आलं नाही म्हणून ते कारण नव्हतंच असं होत नाही.

दुसरी: समाज हा करार मानला, तरी तो भागीदारीत काढलेल्या दुकानासारखा नाही, पटलं नाही की मोडला. त्यात हयात माणसं आहेत, गेलेली आहेत आणि अजून जन्मायची आहेत. आजची पिढी मालक नाही, वहिवाटदार आहे.

तिसरी: माणसाची माया आधी घर, गल्ली, गाव, पंथ अशा लहान गोतावळ्यात रुजते आणि तिथून देशापर्यंत पसरते. वरून आखणी करून मधले गोतावळे उखडले की एका बाजूला एकटा माणूस आणि दुसऱ्या बाजूला सरकार, एवढंच उरतं.

फ्रान्सच्या सभेनं जुने प्रांत रद्द केले आणि १७९० मध्ये देशाचे ८३ विभाग पाडले. पहिला प्रस्ताव तर नकाशावर सरळ चौकोन आखायचा होता. चर्चच्या जमिनी ताब्यात घेऊन त्यांच्या तारणावर कागदी पैसा काढला. बर्क म्हणाला, हा कागद घसरेल, आणि गोंधळात शेवटी सैन्याला हाताशी धरणारा एखादा सेनापती मालक होऊन बसेल. कागद घसरला. सेनापती, नेपोलियन, १७९९ मध्ये आला. बर्क तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती.

---

केळीबाग

लेख आवडला. पण सरळ विचारतो. 'कारण आज सांगता येत नाही तरी असेल' हे वाक्य गावातल्या कुठल्याही जुनाट खुळाला लावता येतं. मग यात आणि नुसत्या आडमुठेपणात फरक कसा करायचा? पुस्तकातलं नको, खान्देशातलं काहीतरी दाखवा.

---

जुनादस्त

केळीबाग दादा, फरक पुराव्याच्या ओझ्याचा आहे. आडमुठा म्हणतो बदल होणारच नाही. रूढीप्रिय म्हणतो, बदल कर, पण सिद्ध करायची जबाबदारी तुझी. जे चालू आहे त्याला रोज उठून आपली सफाई द्यायला लावू नकोस.

आणि हे विलायती वगैरे काही नाही. तहसीलमध्ये रोज चालतं. बर्क ज्याला हक्काचा सगळ्यात मजबूत पाया मानायचा त्याला आपल्याकडे 'वहिवाट' म्हणतात. शेतरस्त्याचा दावा घ्या. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, कलम १५, २० वर्षं उघडपणे, विनातक्रार, हक्क म्हणून वापर असेल तर वाटेचा हक्क पक्का होतो. जमीन सरकारची असेल तर ३० वर्षं. दस्त लागत नाही. वापर हाच दस्त. वहिवाटीचा रस्ता कुणी नांगरला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदार अडथळा काढायला लावतो, मात्र अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज पाहिजे.

आता याच्या शेजारी महसूल संहितेचं, १९६६ चं, कलम १४३ ठेवा. तिथे रस्ता नसतोच, तो नव्यानं मागायचा असतो. म्हणून तहसीलदार गरज तपासतो, दुसरी वाट आहे का बघतो आणि रस्ता शक्यतो बांधावरून देतो. जुन्या वाटेला प्रश्न एकच, होती का? नव्या वाटेला दहा प्रश्न. अख्खा रूढीप्रिय विचार या दोन कलमांच्या फरकात बसतो.

लोक चुकतात ते इथेच. कलम १४३ चा अर्ज करतात आणि त्यात 'पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट' लिहितात. समोरचा वकील विचारतो, वाट होती तर नवी कशाला मागता?

---

पांझराकाठ

केळीबाग, तुम्हाला खान्देशातलं उदाहरण पाहिजे ना? फड. साक्री-धुळ्याकडच्यांना सांगायला नको, पण तापीपलीकडच्यांसाठी नीट लिहितो.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ३००-४०० वर्षांपासून बंधाऱ्यांची साखळी आहे. बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, चारीतून शेताला पाणी देणारे सारंग, आणि जादा पाणी परत नदीत सोडणारे सांडवे. सगळं उतारावर, मोटर-पंप काही नाही. बंधाऱ्याखालच्या रानाचे मोठे तुकडे म्हणजे फड. आकार १० ते २०० हेक्टर, साधारण १००-१२५. एका फडात त्या साली एकच पीक. एका-दोन फडांत ऊस, बाकीच्यांत हंगामी, एखादा पडीक. कुठल्या फडात काय हे गाव दरवर्षी ठरवतं आणि पाळी फिरते. पाणी पाटकरी सोडतो, त्याच्यावर हवालदार, राखणीला जागल्या. मोबदला पिकाच्या वाट्यात. पावसाळ्याआधी गाळ काढायला प्रत्येक घरानं माणूस द्यायचा.

१९५० च्या सुमाराचा एखादा हुशार अधिकारी इथे येऊन काय म्हणेल? १) शेतकऱ्याला स्वतःच्या रानात हवं ते पीक घेता येत नाही, ही गुलामी. २) चांगली बागायती जमीन पडीक, हा अपव्यय. ३) एकाच माणसाचे तुकडे तीन-चार ठिकाणी विखुरलेले, हा तर मूर्खपणा. तिन्ही आक्षेप कागदावर बिनतोड आहेत. आता उत्तरं.

एकच पीक असलं की अख्ख्या फडाला पाणी एकाच वेळी लागतं. चारी एकदा भिजवली की वरपासून खालपर्यंत सलग भरणं होतं. उसाला १०-१२ दिवसांनी, हरभऱ्याला महिन्यानं अशी सरमिसळ झाली तर कोरडी चारी प्रत्येक वेळी नव्यानं पाणी पिते. शिवाय चोरी लपत नाही. हंगामी फडात कुणी ऊस लावला तर तो लांबूनच दिसतो.

पडीक पाळीनं जमिनीला श्वास मिळतो. सतत भिजवलेली काळी जमीन चिबडते, म्हणजे पाणी मुरून दलदलीसारखी होते, मग क्षार वर येतात. निचऱ्याची नळी टाकायचा खर्च तेव्हा कुणाला परवडणार होता? पडीक हीच नळी.

आणि विखुरलेले तुकडे. ज्याचं सगळं रान एकाच फडात, त्याचं वर्ष फडाच्या पाळीवर. फड पडीक गेला की तो उपाशी. ज्याचा तुकडा प्रत्येक फडात आहे त्याला दरवर्षी थोडा ऊस, थोडं धान्य, थोडी पडीक. शिवाय ठराव करताना तो एका फडाचा वकील होत नाही, कारण उद्या दुसऱ्या फडातही तोच आहे. म्हणजे तुकडे हा विमा होता. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याला हे दिसणं शक्य नव्हतं, कारण तो कायदा पाळी नसलेलं शेत डोळ्यांपुढे ठेवून लिहिला होता.

फड कशानं ढिले पडले तेही सांगतो. विहिरीवर वीज आली. ज्याच्याकडे स्वतःचं पाणी तो म्हणतो, मला तुमचा ठराव कशाला? असे दहा निघाले की गाळ काढायला माणूस मिळत नाही, बंधारा भरतो, खालच्याला पाणी पोचत नाही, मग तोही विहीर खोदतो. वरच्या अंगाला धरणं झाली, नदीचा वाहता ओघ बदलला. फडाविरुद्ध कुणीही ठराव केला नव्हता. त्याच्या आधाराच्या चार दोऱ्यांपैकी दोन सुटल्या, बस.

मायकेल ओकशॉट या इंग्रज विचारवंतानं ज्ञानाचे दोन भाग केले होते: कागदावर उतरवता येतं ते, आणि हाताखाली शिकल्याशिवाय येत नाही ते. पाण्याची दारं किती, चारी किती फूट, हे कागदावर येतं. कुठल्या सारंगात पाणी किती वेळ धरायचं हे पाटकऱ्याच्या पायाला कळतं. पाटकरी गेला की दुसरा भाग परत मिळत नाही.

---

केळीबाग

मान्य. हे उदाहरण जबर आहे. आमच्याकडे केळीची बसराई ही जुनी जात जाऊन ग्रँड नैन आली तेव्हा कुणीतरी असं विचारायला हवं होतं. घड मोठा, भाव चांगला, बदल योग्यच होता. पण अख्खा रावेर-यावल पट्टा उतीसंवर्धित एकाच जातीवर गेला की रोग आला तर सगळ्यांवर एकदम येणार. दोन गुंठे बसराई राखणं म्हणजे मागासपणा नव्हे, परतीची वाट.

---

सत्यशोधकी

भाऊ, बठ्ठं समजनं, पन फड बठ्ठासना नव्हता. (सगळं समजलं, पण फड सगळ्यांचा नव्हता.)

फडाच्या ठरावाला कोण बसायचं? ज्याचं रान त्यानं. जागल्या राखणीला होता, ठरावाला नाही. अनुभव साठतो म्हणता, पण अनुभव कुणाचा साठला आणि कुणाचा गटारीत गेला हे कोण बघणार? 'गेलेल्या पिढ्यांचं शहाणपण' म्हणताना प्रत्यक्षात गेलेल्या पिढ्यांतल्या बोलू दिलेल्या माणसांचं शहाणपण हाती येतं.

बर्कला दणकट उत्तर टॉमस पेन या क्रांतिवादी लेखकानं १७९१ मध्ये 'राइट्स ऑफ मॅन' लिहून दिलं: मेलेल्यांना जिवंतांवर राज्य करण्याचा हक्क नाही. ते पुस्तक महाराष्ट्रात कुणाच्या हाती पडलं? तरुण जोतिरावांच्या. १८७३ च्या 'गुलामगिरी'च्या मुळाशी जे वाचन आहे त्यात पेन आहे. बर्क विरुद्ध पेन हा वाद आपल्याला परका नाही, आपण त्याच्या एका बाजूचे वारस आहोत.

आता वतन. धागाकर्त्यांनी सोयीस्करपणे टाळलेला शब्द. बर्क इंग्रजांच्या स्वातंत्र्याला काय म्हणतो? पूर्वजांकडून आलेला, विकता न येणारा, पुढच्या पिढीला द्यायचा वारसा. हे मराठीत एका शब्दात सांगा बरं. वतन! पाटलाचं वतन हे त्याला स्वातंत्र्य होतं. त्याच गावात, त्याच कायद्याच्या आधारानं महाराचं वतन म्हणजे रात्रंदिवस वेठ. बोलावणं येईल तेव्हा जायचं, सरकारचा सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं, आणि मोबदला म्हणून थोडी जमीन आणि बलुतं. बाबासाहेबांनी १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ मध्ये मांडलं. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा आला १९५८ मध्ये. मधली ३० वर्षं मोजा. आणि रद्द झाल्यावरही जमिनी नव्या अविभाज्य शर्तीवर परत मिळाल्या, म्हणजे विकायची तर कलेक्टरची परवानगी. आजही सातबाऱ्यावर वर्ग २ दिसतो.

वतन शेकडो वर्षं टिकलं. टिकलं म्हणजे लोकांना मंजूर होतं असं नाही. त्याचा अर्थ एवढाच की मोडणाऱ्याची ताकद कमी होती. दीर्घकाळ टिकणं हा संमतीचा पुरावा धरणं ही या विचाराच्या पायातली भेग आहे.

आणि 'हळूहळू' म्हणाल तर १८९१ आठवा. संमतिवयाचं बिल वय १० वरून १२ करणार होतं. टिळकांचा मुद्दा असा की परक्या सरकारनं आमच्या चालीत हात घालू नये, सुधारणा आतून होऊ द्या. युक्तिवाद म्हणून भक्कम आहे. पण आतून सुधारणा होईपर्यंतचं भाडं कोण भरत होतं? दहा वर्षांची मुलगी.

---

जुनादस्त

+१. वतन आणि वहिवाट एकाच शेतातले आहेत हे मान्य करावंच लागेल.

---

अमळनेरी

सत्यशोधकी ताई, वतनाचा घाव वर्मी बसला. टाळला नव्हता, सुचला नव्हता. ते जास्त वाईट.

बर्कची बाजू जेवढी आहे तेवढी मांडतो. बंगालचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरचा खटला १७८८ ला उभा राहिला, १७९५ ला हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. बचाव असा होता की पूर्वेकडे मनमानी सत्ताच चालते, तिथला रिवाज तसा. बर्कनं हा 'भूगोलाप्रमाणे बदलणारा नीतिधर्म' म्हणून उडवून लावला. म्हणजे रिवाज आहे म्हणून काहीही चालेल असं तो मानत नव्हता. रिवाजाच्या वर एक नैतिक कायदा तो धरतो. पण तो कायदा गावातल्या वेठीला लावायची वेळ त्याच्यावर आली नाही, आणि त्याच्या मागून आलेल्या बहुतेकांनी तो लावला नाही. इथे मी माघार घेतो.

मात्र बाबासाहेबांकडे 'सगळं मोडा' या चष्म्यातून बघू नका. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात ते खेड्याला अज्ञानाचं आणि जातीयतेचं डबकं ठरवतात, आणि त्याच भाषणात 'संविधानिक नीती'वर जोर देतात; ती आपोआप उगवत नाही, जोपासावी लागते असं सांगतात. २५ नोव्हेंबर १९४९ ला म्हणतात, आता सनदशीर मार्ग उघडा आहे, तेव्हा कायदेभंग-सत्याग्रहाचे मार्ग सोडा, ते अराजकाचं व्याकरण आहे. जी संस्था स्वतः घडवली ती जपण्याची काळजी आहे ही.

पण त्याच भाषणात ते जेफरसनचा दाखला देतात की प्रत्येक पिढी म्हणजे वेगळं राष्ट्र, आणि तो पूर्णपणे खरा आहे म्हणतात. हे बर्कच्या भागीदारीच्या थेट उलट. जेफरसननं १७८९ मध्ये मॅडिसनला लिहिताना हिशेबच मांडला होता: कायद्याचं आयुष्य १९ वर्षं. आपल्या घटनेनं मधला रस्ता धरला. कलम ३६८: सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश, आणि काही बाबतींत निम्म्या राज्यांची मंजुरी. बदलाचं दार आहे, पण ढकलायला जड. पुढे १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या केशवानंद निकालात ७ विरुद्ध ६ अशा मतांनी मूळ चौकट संसदेच्याही आवाक्याबाहेर ठेवली गेली. ज्यांना रूढीप्रियता हा शब्द आवडत नाही असे कितीतरी लोक त्या निकालाचं समर्थन करतात, आणि युक्तिवाद शुद्ध बर्कचा वापरतात.

---

सत्यशोधकी

आणि कलम १७? अस्पृश्यता एका वाक्यात रद्द. 'आधी एका तालुक्यात करून बघू' असं कुणी म्हणालं नाही, बरं झालं.

---

सातपुडापायथा

अक्राणी-धडगावकडून एक मुद्दा. वरच्या सगळ्या चर्चेत धरलंय की जुनं ते गावाचं आणि नवं ते सरकारचं. डोंगरात उलटं आहे. तिथे जुनी वहिवाट मोडली ती जंगलखात्यानं, राखीव वनाच्या रेषा ओढून. आज जो 'चालत आलेला नियम' दिसतो तो इंग्रजी अमलातला. मग रूढीप्रिय माणसानं कुठल्या थराला रूढी म्हणायचं? वरच्या की खालच्या?

२००६ चा वनहक्क कायदा लोक डाव्यांचा म्हणून ओळखतात. रचना बघा. तो नवं काही देत नाही, असलेलं 'मान्य' करतो. आदिवासींसाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा. इतर पारंपरिक वननिवासींसाठी त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं. प्रत्यक्ष कसत असलेली जमीनच, कमाल ४ हेक्टर. विकता येत नाही, वारसानं जाते. आणि पुराव्यात वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. जुनादस्त भाऊ म्हणाले तशी हीसुद्धा वहिवाटच.

दावे फेटाळले जातात ते बहुधा इथे: एकच पुरावा जोडलेला असतो, नियम किमान दोन मागतो, ग्रामसभेच्या ठरावाला गणपूर्ती नसते, किंवा बिगर-आदिवासीला ७५ वर्षं दाखवायला नुसता जबाब असतो, सोबत जुनी खूण नसते. थडगं, देवाचं ठिकाण, बांध, जुनी विहीर, यातलं काहीतरी जोडा.

---

केळीबाग

आता बाजारावर या. रूढीप्रिय म्हणजे खासगी धंद्याचा भक्त ही समजूत कुठून आली?

---

अमळनेरी

थोडक्यात, कारण हा भाग सगळीकडे वाचायला मिळतो. १९ व्या शतकात दोन्ही वेगळे होते. हुजूरपक्ष जमीनदारांचा, त्यांना धान्यावर आयातकर हवा. त्यांच्याच पंतप्रधान पीलनं १८४६ मध्ये तो काढला आणि पक्ष फुटला. जर्मनीत बिस्मार्कनं १८८३ ला आजारविमा, १८८४ ला अपघातविमा, १८८९ ला म्हातारपणाचं निवृत्तिवेतन सुरू केलं, समाजवाद्यांच्या पायाखालची सतरंजी ओढायला. सरकारी विम्याचा बाप पक्का रूढीप्रिय. बाजारवाद्यांशी मोट बांधली गेली २० व्या शतकात, समोर रशिया उभा होता म्हणून. बाजारवादी अर्थतज्ज्ञ हायेकनं तर १९६० मध्ये 'मी कॉन्झर्व्हेटिव्ह का नाही' असं सविस्तर लिहिलं: यांना स्वतःची दिशा नाही, दुसरे ओढतील तिकडे हे फक्त हळू जातात. टोला योग्य आहे.

भारतात या मोटेचा नमुना म्हणजे १९५९ चा स्वतंत्र पक्ष. काँग्रेसनं त्या वर्षाच्या सुरुवातीला नागपूरला सामुदायिक सहकारी शेतीचा ठराव केला; त्याच्या विरोधातून पक्ष उभा राहिला. माणसं बघा: राजाजी धर्मनिष्ठ आणि दारूबंदीवाले, मसानी पूर्वीचे समाजवादी आणि पुरते पाश्चात्त्य वळणाचे, रंगा शेतकरी चळवळीतले. १९६२ ला १८ खासदार, १९६७ ला ४४, १९७४ ला दुसऱ्या पक्षात विलीन. ठरलेल्या मूलतत्त्वांबाहेर खासदारानं काय मत द्यावं याची पक्षानं मोकळीक ठेवली होती. हे तत्त्व म्हणून सुंदर, पक्ष चालवायला घातक. शिवाय संस्थानिक आत आले. शेतकऱ्याच्या जमिनीचा हक्क आणि राजाची वाड्याची मालकी एकाच झेंड्याखाली आली, की गरीब शेतकरी कुणाला मत देणार?

फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन झालं आणि तिथे शेतीचा कार्यक्रम मंजूर झाला, हे आपण अभिमानानं सांगतो. तो कार्यक्रम खंड, सारा, कर्ज कमी करा असं म्हणत होता, तोवर शेतकरी सोबत होता. नागपूर म्हणालं बांध काढा, तिथे बिनसलं.

---

पांझराकाठ

एक प्रश्न राहतो. बदल करायचाच, तर या विचाराप्रमाणे करायचा कसा? मला वाटतं न्या. रानड्यांची मांडणी उपयोगी आहे. सुधारणेचे चार मार्ग: जुन्याच आधाराचा नवा अर्थ लावणं, माणसाच्या सद्‌सद्विवेकाला हाक, कायद्याची किंवा बहिष्काराची सक्ती, आणि बंड. ते या क्रमानं जाऊ पाहतात आणि चौथ्याला नाही म्हणतात, कारण त्यानं दोर तुटतो.

याला मी पाणीवाटपातली चाचणी जोडेन. नियम काढण्याआधी त्याचं काम काय ते खालच्या टोकाच्या शेतकऱ्याला विचारा, वरच्याला नाही. वरच्याला पाणी मिळतंच, त्याला नियम नेहमी फालतू वाटतो. मग एकाच चारीवर एक पूर्ण वर्ष करून बघा. एक हंगाम पुरत नाही, खरिपात सगळेच नियम चांगले चालतात. आणि जुनं दार लगेच गाडू नका.

---

सत्यशोधकी

'खालच्या टोकाच्याला विचारा' हे तुमच्या विचारात मुळात नव्हतं, आमच्याकडून घेतलंय. पण घेतलंत, ठीक.

मी तुमच्याच पद्धतीचं उदाहरण देते. मुलींचा वडिलोपार्जित वाटा. १९५६ च्या वारसा कायद्यानं त्यांना एकत्र कुटुंबात जन्मानं सहदायक (मुलांसारखी वाटेकरी) केलं नाही. मग राज्याराज्यांतून प्रयोग: केरळनं १९७५ मध्ये एकत्र कुटुंबपद्धतच रद्द केली, आंध्रनं ८० च्या दशकात मुलींना सहदायक केलं, तामिळनाडूनं १९८९ ला, महाराष्ट्र आणि कर्नाटकनं १९९४ ला. देशभर ९ सप्टेंबर २००५. वडील त्या तारखेला हयात नसले तरी चालतं, हे सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं ११ ऑगस्ट २०२० ला. एका चारीवर करून बघितलं, मग दुसऱ्या, मग सगळ्यांवर. याहून रूढीप्रिय सुधारणा शोधून सापडणार नाही. १९५६ ते २००५, ४९ वर्षं. एका बाईचं अख्खं आयुष्य मावतं त्यात.

---

जुनादस्त

आणि त्यानंतर हक्कसोडपत्र. फेरफाराला बहिणींची नावं लागतात, पाठोपाठ हक्कसोड नोंदवलं जातं. कागदावर 'स्वखुशीनं, विनामोबदला'. माहेर तुटू नये म्हणून सही.

तांत्रिक दुरुस्ती एवढीच की नुसत्या तलाठ्याकडच्या जबाबानं हक्क सुटत नाही. स्थावरातला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. साध्या कागदावर किंवा नोटरीकडे केलेल्या हक्कसोडीवरून फेरफार झाला असेल तर त्याला हरकत घेता येते. फेरफार म्हणजे नोंद, मालकी नव्हे.

---

अमळनेरी

मग हा प्रश्न दोघांनाही: कायदा रूढीच्या पुढे धावला म्हणून हक्कसोड होते, की रूढीला अजून दात आहेत म्हणून?

---

सत्यशोधकी

सही करताना बहिणीच्या शेजारी कोण बसलेलं असतं ते बघा, उत्तर तिथेच आहे.

---

पांझराकाठ

दोन्ही. पण फडाच्या हिशेबानं सांगायचं तर ती खालच्या टोकाची शेतकरी आहे, आणि तिला अजून कुणी विचारलेलं नाही.

शब्दाबद्दल राहिलंच: 'रूढीप्रिय' ऐवजी 'जतनवादी' कसा वाटतो?

---

केळीबाग

लोणच्याची बरणी आठवते.